बिनखाडाखोडीचा कारभार

ज्यांनी जुन्या पेढ्यांची दप्तरे हाताळली आहेत, किंवा निदान घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास दिवेलागणीनंतर रोजकीर्द लिहिताना पाहिले आहे, त्यांना त्या लेखनातील एक दंडक आठवत असेल : कीर्दीत खाडाखोड करावयाची नाही. चुकून पन्नासाच्या ठिकाणी पाचशे पडले, तरी ते खोडून त्यावर नवा आकडा गिरवावयाचा नाही. पडली ती नोंद तशीच ठेवून तिचे निवारण करणारी उलट नोंद खाली स्वतंत्रपणे करावयाची. या दंडकापायी कागद अधिक खर्ची पडतो हे खरे. परंतु वर्षअखेरीस हिशेब जुळेनासा झाला, तर घोटाळा नेमका कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून शिरला हे त्याच कागदांवरून शोधून काढता येते, हा त्या खर्चाचा मोबदला होय.

संगणकाचा कारभार मात्र आरंभापासून कीर्दीवर न चालता पाटीवर चालत आला आहे. त्याची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या चौकटींची एक विस्तीर्ण पाटी. एखाद्या चौकटीतील जुना आकडा पुसून तेथे नवा लिहिणे, आणि हे कृत्य सेकंदाला कोट्यवधी वेळा करणे, हाच त्याचा नित्यक्रम. आणि असे असताही, ज्या भाषांत एकदा लिहिलेला आकडा पुसण्याची मुभाच नाही, अशा भाषांत संगणकाचा अगदी तळचा कारभार, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, लिहून पाहावी, असा संकल्प काही अभ्यासकांनी आणि हौशी लोकांनी सोडला. प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटणाऱ्या या उद्योगाची हकीकत सांगणे, आणि त्यातून हाती काय आले याचा ताळेबंद मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या घरचा कारभारी. त्याच्याकडे तीन खाती असतात. प्रोसेसर नावाचा जो कर्ता गडी, त्याचा वेळ शेकडो आज्ञावल्यांमध्ये अशा शिताफीने वाटून देणे की प्रत्येकीला तो आपल्याच चाकरीत आहे असे वाटावे, हे पहिले खाते. स्मृतीची जमीन तुकड्यातुकड्यांनी, बहुधा ४०९६ बाइटांच्या पानांनी, मोजून देणे, आणि एकाने दुसऱ्याचा बांध कोरू नये म्हणून पहारा ठेवणे, हे दुसरे. आणि कळफलक, पडदा, डिस्क, नेटवर्क कार्ड या उपकरणांशी, ज्याची त्याची बोली शिकून, व्यवहार करणे, हे तिसरे. या कारभाऱ्याची राजभाषा गेली पन्नास वर्षे सी ही आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचावयास घेतली आणि १९७३ साली तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला, तेव्हापासून या प्रांतात सीचाच अंमल आहे. सी ही पाटीची भाषा. ती लिहिणाऱ्याच्या हाती संपूर्ण पाटी आणि ओले फडके देते, आणि त्याने ते शहाणपणाने वापरावे अशी अपेक्षा करते. ही अपेक्षा नेहमीच फळास येते असे नाही. नेमून दिलेल्या चौकटींच्या पलीकडे लिहिले गेले तर काय अनर्थ होतो, याचा धडा १९८८ सालच्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीने जगास दिला. ती अनेक वाटांनी यंत्रांत शिरत होती, आणि त्यांपैकी एक वाट म्हणजे हेच कोरलेले बांध.

आता हौशी माणसाकडे वळू. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणे हा एक जुना नाद आहे आणि त्याला प्रतिष्ठाही आहे. कारण १९९१ सालच्या ऑगस्टात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण केवळ छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहो असे जाहीर केले, आणि त्या छंदाचे पुढे लिनक्स झाले. परंतु सर्वसामान्य हौशी माणसाची मजल पडद्यावर एक अक्षर उमटविण्यापर्यंत पोहोचली तरी त्याला धन्यता वाटते, आणि ती अस्थानी नाही. जुन्या धाटणीचा वैयक्तिक संगणक सुरू होतो तेव्हा त्यातील प्रोसेसर, तो कितीही आधुनिक असला तरी, १९७८ सालच्या ८०८६ या पूर्वजाचे सोंग घेऊनच जागा होतो. यंत्रात कोरलेली बायोस नामक आज्ञावली डिस्कवरील पहिले ५१२ बाइट उचलते, त्यांतील शेवटच्या दोन बाइटांवर ठरावीक खूण आहे की नाही हे पाहते, आणि खूण पटल्यास तो ऐवज स्मृतीतील ३१,७४४ या क्रमांकाच्या जागी ठेवून त्याच्या स्वाधीन कारभार करते. येथून पुढे वाली कोणी नाही. पडद्यावर अक्षर काढून देणारा कोणी हुजऱ्या नाही. मात्र स्मृतीतील एका विवक्षित पट्ट्यात ८० स्तंभ आणि २५ ओळी यांचे प्रतिबिंब असते, प्रत्येक अक्षरास दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, आणि त्या पट्ट्याच्या पहिल्या चौकटीत ६५ हा आकडा लिहिला, की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात रोमन लिपीतील पहिले अक्षर उमटते. लिहिणे हेच येथे कर्म आहे. पुसून लिहिल्यावाचून येथे पानही हलत नाही.

ज्या भाषांना हे पुसणे वर्ज्य, त्यांचे कुळ निराळे आहे. १९३० नंतरच्या दशकात, विद्युत्संगणक अस्तित्वात येण्यापूर्वी, प्रिन्स्टन येथील गणिती अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा कॅल्क्युलस नावाची पद्धती रचली. तीत फलन आणि फलनाचे उपयोजन यांखेरीज दुसरे काहीच नाही. १९३६ साली ॲलन ट्युरिंग यांनी, फितीवर खुणा लिहिणारे आणि पुसणारे आपले काल्पनिक यंत्र मांडले. आणि या दोन्ही मार्गांनी जे गणिता येते ते अगदी एकच आहे, हेही लवकरच सिद्ध झाले. पुढे जे संगणक बांधले गेले ते लिहिणारे आणि पुसणारे निघाले, आणि चर्च यांचा वंश विद्यापीठांच्या ओसरीवर वाढला. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत लिस्प भाषा आरंभिली. १९७७ सालचा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना जॉन बॅकस यांनी, ज्यांनी स्वतः फोरट्रान ही पाटीपंथाची आद्य भाषा घडविली होती त्यांनीच, एकेक चौकट पुसण्याच्या आणि लिहिण्याच्या या पद्धतीने प्रोग्रॅमिंगची बुद्धी कुंठित केली आहे असा आरोप ठेवून फलनाधिष्ठित मार्गाचा पुरस्कार केला. पुढे १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत या पंथाच्या विखुरलेल्या मंडळींनी एक सामाईक भाषा रचण्याचे ठरविले. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला देण्यात आले, आणि तिची पहिली संहिता १९९० साली प्रसिद्ध झाली.

हॅस्केलमधील फलन हे गणितातील फलनासारखे असते. पाच आणि सात यांची बेरीज सकाळी बारा आणि संध्याकाळी तेरा अशी होत नाही. त्याचप्रमाणे फलनाला तेच मूल्य दिले असता तेच उत्तर मिळते, मग ते कितीही वेळा, कोणीही आणि कोणत्याही क्रमाने विचारो. एखाद्या यादीत नवी असामी घालावयाची असेल, तर जुन्या यादीस हात न लावता नवी यादी जन्मास येते. मात्र जुन्या यादीचा जो भाग तसाच राहिला तो ती पुन्हा न लिहिता, मागील पानाचा हवाला द्यावा तसा, वापरते. आपल्या कीर्दीशी हिचे साम्य ते हेच. पण मग कळफलकावरील कोणती कळ दाबली गेली हे विचारणारे फलन घडावे कसे? त्याचे उत्तर तर दर क्षणी बदलणार! आणि पडद्यावर अक्षर काढणे, डिस्कवर लिहिणे, घड्याळ लावणे, ही तर उघड उघड बाह्य जगात घडवून आणलेली स्थित्यंतरे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नखशिखांत अशाच स्थित्यंतरांचे भांडार. सोवळ्यात राहून चिखल तुडविण्यासारखाच हा प्रकार.

या पेचातून जी वाट निघाली तिला मोनाड असे नाव आहे. युजेनिओ मोजी यांनी मांडलेल्या गणिती कल्पनेचा उपयोग फिलिप वॅडलर यांनी १९९०च्या सुमारास प्रोग्रॅमिंगकडे वळविला, आणि तो हॅस्केलच्या अंगवळणी पडला. तिचे मर्म दप्तरी भाषेत सांगणे सोपे आहे. फलन स्वतः कृत्य करीत नाही. ते हुकूमनामा तयार करते. ‘कळफलकाकडून एक कळ घ्या, आणि ती जी येईल तिचे अक्षर पडद्यावर काढा’ असा मजकूर लिहिलेला कागद हे फलनाचे उत्तर. आणि कागद हा कागदच असल्यामुळे तो कितीही वेळा तयार केला तरी तोच राहतो. हुकमाची तामील करणारा निराळा असतो. शिवाय अशा प्रत्येक कागदावर त्याच्या प्रकाराचा शिक्का असतो, आणि जे फलन बिनशिक्क्याचे ते बाह्य जगास स्पर्श करू शकत नाही, याची खातरजमा आज्ञावली चालण्यापूर्वीच, तिचे यंत्राच्या बोलीत भाषांतर करणारा कंपायलर करून घेतो. बाह्य जगाशी चालणारा सारा व्यवहार त्यामुळे काही नेमक्या दरवाजांतून होऊ लागतो, आणि प्रत्येक दरवाजावर पाटी लागते.

या बळावर ऑपरेटिंग सिस्टिम उभी करता येईल काय, याची परीक्षा २००४च्या सुमारास झाली. सेबास्टियाँ कार्लिए आणि जेरेमी बॉबिओ या दोघांनी एचओपी नावाचा प्रयोग सिद्ध केला. ग्लासगो येथे जन्मलेल्या हॅस्केल कंपायलरबरोबर एक पायाभूत आज्ञावली येते. हुकमांची तामील करणे, स्मृती पुरविणे, कामांची पाळी लावणे ही सारी कामे ती करते. मात्र ती स्वतः एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आश्रयास असते, तिच्याकडे स्मृती मागते, तिच्याकडून वेळ विचारते. कार्लिए आणि बॉबिओ यांनी हा आश्रय तोडला, तिची मागणी थेट यंत्राकडे वळविली, आणि हॅस्केलला उघड्या लोखंडावर उभे केले. त्यांच्या पायावर ओरेगन राज्यातील थॉमस हॉलग्रेन, मार्क जोन्स, रिबेका लेस्ली आणि अँड्र्यू टोलमॅक यांनी हाउस नामक ऑपरेटिंग सिस्टिम रचली आणि २००५ साली एस्टोनियातील टॅलिन येथील परिषदेत तिचा वृत्तांत सादर केला. हॅस्केल रचण्याचा निर्णय ज्या पोर्टलंडमध्ये झाला, त्याच नगरीच्या परिसरात हे घर बांधले गेले, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. कळफलक, माउस आणि नेटवर्क कार्ड यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांच्याशी बोलणाऱ्या आज्ञावल्या, आणि पडद्यावरील खिडक्या, हे सारे तीत हॅस्केलमध्ये लिहिलेले होते.

हाउसच्या कर्त्यांनी केलेली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. हॅस्केलचा सर्वसाधारण शिक्का फार उदार आहे. तो ज्याच्याजवळ आहे त्याला काहीही करण्याचा मक्ता मिळतो. म्हणून त्यांनी यंत्राशी व्यवहार करण्यापुरता एक निराळा, संकुचित शिक्का निर्माण केला आणि त्याखाली मोजकेच अधिकार ठेवले : स्मृतीचे पान मागणे, त्यात वाचणे व लिहिणे, पानांचा नकाशा तयार करणे, उपकरणांच्या द्वारांशी बोलणे, आणि परकी आज्ञावली चालविणे. हवेतून एखादा पत्ता कल्पून त्या जागी लिहावे, ही सोय त्यात ठेवलीच नाही. पान रीतसर मिळाले असेल तरच त्यात लिहिता येते. परकी आज्ञावली चालविण्याची त्यांची रीत तर मोठी सुबक आहे. सीमध्ये लिहिलेली एखादी आज्ञावली चालवावयाची म्हणजे, पानांचा नकाशा आणि प्रोसेसरची स्थिती हाती देऊन एक हुकूम सोडावयाचा. आणि त्या हुकमाचे उत्तर म्हणून काय परत येते, तर ती आज्ञावली का थांबली याचे कारण : तिने काही मागणी केली, की परक्याच्या पानास हात घातला, की बाहेरून कोणी दार ठोठावले. कारण वाचून कारभारी पुढचा हुकूम ठरवितो. एखाद्या आज्ञावलीचा सारा धुमाकूळ अशा रीतीने एका प्रश्नोत्तरात सामावला जातो. एका पानात लिहिल्याने दुसरे पान बदलत नाही, नकाशात ज्या पानावर लिहिण्याची मुभा नाही त्यास परकी आज्ञावली धक्का लावू शकत नाही, अशा शर्तीही त्यांनी तर्कशास्त्राच्या भाषेत लिहून ठेवल्या. कारभाऱ्याच्या कराराचा जणू तो मसुदाच होय.

परंतु सोवळ्याचीही काही किंमत मोजावी लागते, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जेथे पुसणे नाही तेथे टाकून दिलेल्या पानांची रास पडते. ती वेचून जागा मोकळी करणारा रद्दीवाला पायाभूत आज्ञावलीतच असतो, आणि तो कामास लागला म्हणजे इतरांना हात आखडून उभे राहावे लागते. घड्याळाची टिकटिक आणि कळफलकाची ठकठक मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून असा निरोप आला की तो टिपून ठेवून, निर्धोक टप्पा येताच त्याची दखल घ्यावी, अशी तडजोड करावी लागते. हॅस्केलला दुसरीही एक खोड आहे. ती स्वभावाने आळशी आहे : उत्तराची निकड लागेपर्यंत गणित करीतच नाही. या आळसाचे फायदे पुष्कळ, परंतु तुंबलेल्या कामांच्या चिठ्ठ्याच स्मृती व्यापून टाकतात असा अनुभव येतो, आणि दिलेल्या घटकेस काम झालेच पाहिजे असा जेथे दंडक, तेथे ही खोड महाग पडते. आणि सर्वांत मोठी कबुली म्हणजे, ती पायाभूत आज्ञावली स्वतः सीमध्ये लिहिलेली आहे. सोवळ्याच्या घराचा पाया ओवळ्याच हातांनी भरलेला आहे.

ही कबुली ऐकून, मग या खटाटोपात मिळविले काय, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर सिडनीहून मिळते. तेथील निक्टा या संशोधनसंस्थेतील गेर्विन क्लाइन, गेर्नोट हाइझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसईएल४ हा गाभा रचताना तो प्रथम हॅस्केलमध्ये लिहिला. त्यात पुसापुशी नसल्यामुळे प्रत्येक भागाचा अर्थ स्वतंत्रपणे लावता आला, आणि आकृतिबंध पक्का झाल्यावर मग तो वेगासाठी हाताने सीमध्ये उतरविण्यात आला. २००९ साली, सीमधील त्या सुमारे ८,७०० ओळी मूळ करारनाम्याशी तंतोतंत जुळतात, याची यंत्राने तपासलेली सिद्धता पूर्ण झाली. त्या सिद्धतेचा विस्तार सुमारे २ लाख ओळींचा होता. म्हणजे येथे हॅस्केलने कच्च्या मसुद्याची चाकरी केली, आणि पक्की प्रत दुसऱ्या भाषेत निघाली.

दुसरे उत्तर केंब्रिजचे. तेथे अनिल मधवपेद्दी आणि त्यांचे सहकारी यांनी ओकॅमल या फलनप्रधान भाषेत मिराज नावाची रचना केली आणि २०१३ साली तिचे तत्त्व विशद केले. ओकॅमल ही हॅस्केलइतकी कडक सोवळ्याची नाही. निकड पडल्यास ती पुसू देते. मिराजमध्ये सर्वांसाठी एकच मोठा कारभारी नेमण्याऐवजी, प्रत्येक आज्ञावलीबरोबर तिला लागेल तेवढाच कारभार बांधून दिला जातो, आणि ते गाठोडे थेट आभासी यंत्रावर चढते. २०१५ साली या मंडळींनी १० बिटकॉइनांच्या ऐवजाची किल्ली अशा एका गाठोड्यात ठेवून, ज्याला फोडता येईल त्याने खुशाल न्यावी, अशी दवंडी पिटली. तीन वर्षे लोक डोके आपटीत राहिले, आणि २०१८ साली तो ऐवज जसाचा तसा परत घेण्यात आला. एवढ्यावरून ती रचना अभेद्य ठरते असे नाही. मात्र बांध कोरण्याची जुनी युक्ती तेथे चालली नाही, एवढे ठरते.

आणि या सर्वांच्या आधी, एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९७०नंतरच्या दशकात, लिस्प यंत्रे बांधली गेली होती. त्यांचा कारभार तळापासून माथ्यापर्यंत लिस्पमध्येच चालत असे आणि चालत्या यंत्राचा कोणताही भाग उघडून पाहता व बदलता येत असे. ती यंत्रे विकणारी सिम्बॉलिक्स ही कंपनी पुढे बाजारात टिकली नाही. १९८५ सालच्या १५ मार्चला तिने नोंदविलेले डॉट कॉमचे जगातील पहिले नाव मात्र इतिहासात राहिले. चांगली कल्पना आणि चालणारा व्यापार यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही.

या हकीकतीचे तात्पर्य प्रस्तुत लेखकाच्या मते असे. यंत्राशी प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्याचे हात मळणारच. शुद्ध भाषेने तो मळ नाहीसा केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तिने केले ते हे की, मळ कोठे लागतो, किती लागतो आणि कोणाच्या परवानगीने लागतो, याची नोंद प्रत्येक कागदावर सक्तीची केली. कारभारात चोखपणा येतो तो अशाच नोंदींनी. आज क्यूईएमयूसारख्या आज्ञावलीने संगणकाच्या पोटात दुसरा कृत्रिम संगणक चालवून पाहता येतो, त्यामुळे या छंदासाठी खरे यंत्र पणास लावण्याचीही गरज उरलेली नाही; हवी ती चिकाटी आणि संध्याकाळचा रिकामा वेळ.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी चारसहा महिने रात्री जागवून अखेरीस काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात उमटलेले एकच अक्षर मोठ्या अभिमानाने दाखवू लागली, तर याचा उपयोग काय, असे विचारू नये. विचारावयाचेच असेल तर एवढेच विचारावे, की तुझ्या कागदांवर शिक्का कोठे कोठे पडला आहे. आणि त्याचे उत्तर बिनचूक मिळाले, तर कारभार चांगल्या हाती आहे असे खुशाल समजावे.